कुंभाभिषेकाआधी गावातल्या जुन्या तमिळ मंदिराची नोंद कशी करून ठेवावी?

धंतोलीकर

नमस्कार. माझे आजोळ तमिळ आहे. आजोबा नोकरीनिमित्त नागपूरला आले आणि इथलेच झाले. आईचे शिक्षण आणि लग्नही नागपुरातच झाले, त्यामुळे आम्हा भावंडांना तमिळ बोलता येते, पण वाचता-लिहिता येत नाही. आजोळचे मूळ गाव कुंभकोणमच्या परिसरात आहे आणि तिथे एक लहानसे शिवमंदिर आहे. गाभारा, त्यापुढे अर्धमंडप आणि पुढच्या काळात जोडलेला खांबांचा मंडप एवढाच त्याचा पसारा. तेवारम या जुन्या तमिळ शिवस्तोत्रांत गायिलेल्या 276 शिवस्थळांत त्याचे नाव नाही, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांतही नाही. मात्र पायथ्याच्या थरांवर आणि दक्षिणेच्या भिंतीवर कोरीव अक्षरांच्या ओळीच्या ओळी आहेत, आणि त्यांत काय लिहिले आहे हे आज गावात कोणालाही सांगता येत नाही.

येत्या तई महिन्यात, म्हणजे आपल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे कुंभाभिषेक, म्हणजे जीर्णोद्धारानंतरची पुनःप्रतिष्ठा, करायचे ठरले आहे. मामांनी वर्गणीसाठी कळवले, त्यात कामांची यादी होती: प्रदक्षिणेच्या वाटेवर ग्रॅनाइटच्या फरश्या, मंडपाच्या खांबांना रंग आणि काळवंडलेल्या भिंतींची यंत्राने सफाई. वर्गणी द्यायला आमची ना नाही, पण ही यादी वाचून पोटात गोळा आला. काम थांबवण्याचा अधिकार आम्हाला नाही. निदान ते सुरू होण्याआधी जे आहे त्याची नीट नोंद करून ठेवावी, असे मी आणि माझ्या बहिणीने ठरवले आहे.

आमच्याकडे एक बऱ्यापैकी कॅमेरा, मोबाइल आणि दिवाळीनंतरची आठवडाभराची रजा आहे. लिपी येत नसताना आम्ही जे करू ते पन्नास वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल का? पडायचे असेल तर कोणत्या गोष्टीला अग्रक्रम द्यावा, आणि गोळा केलेले शेवटी कोणाच्या हाती सोपवावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शिलालेखप्रेमी

आपण लिपी येत नाही म्हणून संकोच करू नये. वाचणारे नंतरही मिळतील, पण अक्षरेच झिजून गेली तर त्यांनाही काही करता येणार नाही.

गावाला निघण्याआधी एक काम नागपुरात बसूनच करण्यासारखे आहे. हे लेख पूर्वी कोणी नोंदवले आहेत का, ते पाहावे. 1886 मध्ये हुल्ट्झ यांची मद्रास इलाख्यात सरकारी पुराभिलेखतज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली, 1890 मध्ये दक्षिण भारतीय शिलालेखांचा पहिला खंड निघाला, आणि तेव्हापासून खात्याची माणसे गावोगाव फिरून ठसे घेत आली आहेत. त्यांच्या वार्षिक अहवालांत गाव, मंदिर, भिंतीची दिशा, राजा, राज्यवर्ष (त्याच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते) आणि दोन-चार ओळींत आशय अशी नोंद असते. जुने अहवाल संगणकावर उपलब्ध आहेत. तमिळ लेखांचे काम दीर्घकाळ म्हैसूरच्या कार्यालयाकडे होते. याच खात्याची अरबी-फारसी लेखांची शाखा आपल्या नागपुरात आहे. तिथे आपल्या गावाचा लेख मिळणार नाही, पण दगडावरचा ठसा म्हणजे काय आणि तो कसा वाचतात, हे समजून घ्यायला कुठे जायचे याची चौकशी आपल्या शहरातच करता येईल.

अहवालात शोधताना आजचा जिल्हा घेऊन बसू नका. जुन्या तंजावर जिल्ह्यातून 1991 मध्ये नागपट्टिनम वेगळा झाला, 1997 मध्ये तिरुवारूर आणि 2020 मध्ये नागपट्टिनममधून मयिलाडुदुरै. गावांच्या नावांची इंग्रजी वर्णरचनाही काळागणिक बदलली आहे. म्हणून जुना तालुका आणि नावाची चार-पाच रूपे मामांकडून आधी लिहून घ्यावीत, आणि आपल्या नोंदीतही आजच्या नावाशेजारी ती सगळी द्यावीत.

लेख सापडला तरी छायाचित्रे घ्यायचीच. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत बहुधा सारांशच असतो, आणि दगड तेव्हा होता तिथेच आज असेल याची खात्री नसते. जीर्णोद्धारात दगड उतरवून पुन्हा रचताना ओळींचा क्रम उलटसुलट झालेला कितीतरी मंदिरांत दिसतो. एखाद्या दानलेखाचा अर्धा भाग उत्तरेच्या भिंतीत आणि उरलेला पायरीत, असेही घडते. त्यामुळे केवळ अक्षरांचे जवळून घेतलेले चित्र पुरत नाही, तो दगड कोणत्या थरात, कोणाच्या शेजारी आहे तेही दिसले पाहिजे. दाराच्या डाव्या हातापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या क्रमानेच पुढे जावे आणि प्रत्येक चित्रात मागच्या चित्राचा काही भाग येऊ द्यावा. चौकटीत मोजपट्टी ठेवावी. पायथ्याच्या गोल थराकडे, ज्याला कुमुद म्हणतात, विशेष लक्ष द्या, कारण तिथले लेख भोवतालची जमीन वर आल्यामुळे अर्धे गाडलेले असतात आणि नवी फरशी पहिल्यांदा गिळते ती त्यांनाच.

अक्षरे पुसट असतील तर ऊन कललेले असताना किंवा अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकावा. खोदाईत सावली भरते आणि दुपारी न दिसलेली ओळ उठून येते. खडू, विभूती, तेल, पीठ यांपैकी काहीही अक्षरांत भरू नये. घासायचे तर अजिबात नाही. ठसा घेण्याचा मोह होईल, पण ओला कागद भिंतीवर ब्रशने ठोकून, वाळत आला की वर शाईची पुरचुंडी फिरवण्याचे ते काम सरावाच्या हाताचे आहे. ते खात्याच्या माणसांवर सोडावे.

अशा लहान मंदिरांत काय लिहिलेले असते, याची आपल्याला उत्सुकता असेल. राजांच्या पराक्रमापेक्षा जमीन, पाणी, तूप आणि तांदूळ यांचा हिशेब अधिक असतो. अखंड नंदादीपासाठी 96 मेंढ्या दिल्याचे दान चोळकाळात वारंवार येते, आणि त्या मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हटलेले असते, म्हणजे ज्याच्या हवाली कळप केला त्याने संख्या कधी घटू द्यायची नाही, अशी ती अट. काही मंदिरांच्या भिंतीवर जमीन मोजण्याच्या काठीची लांबी दोन खुणांमध्ये कोरून ठेवलेली असते. नुसती आडवी रेघ दिसली तरी तिची लांबी मोजून लिहून ठेवा, रंगारी तिला ओरखडा समजतो.

एक सावधगिरी. बहुतेक लेखांत शक नसून राज्यवर्ष असते. तंजावरच्या मोठ्या मंदिराच्या कळसाचे दान पहिल्या राजराजाच्या पंचविसाव्या वर्षाच्या 275व्या दिवशी झाले असे लेखात आहे, आणि त्याचे राज्यारोहण 985 चे धरले जाते म्हणून आपण 1010 म्हणतो. राजाची ओळख पक्की नसताना गावकऱ्यांनी सांगितलेला ‘हजार वर्षांपूर्वीचा’ हा काळ आपल्या नोंदीत निष्कर्ष म्हणून जाऊ नये. ‘गावात असे सांगतात’ एवढेच लिहावे.

मोजपट्टी

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे. शिलालेखांविषयी वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी फक्त इमारतीपुरते बोलतो.

आठवडाभरात पूर्ण मोजणी-नकाशा करण्याचा अट्टहास धरू नये. तलविन्यासाचा हाताने काढलेला आराखडा, त्यावर टेपने घेतलेली मापे आणि प्रत्येक छायाचित्र कुठे उभे राहून कोणत्या दिशेला घेतले याचे बाण एवढे असले, तरी पुढचा माणूस त्यावरून काम करू शकतो. मापे दोघांनी घ्यावीत, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने मोठ्याने उच्चारून लिहावे. कर्णांची मापे विसरू नयेत, त्यांच्याशिवाय कोन काटकोन आहे की नाही हे घरी आल्यावर कळत नाही. छायाचित्रांवरून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर लागोपाठच्या दोन चित्रांत साठ-सत्तर टक्के भाग समान हवा, कॅमेऱ्याचे झूम बदलू नये आणि ढगाळ हवा मिळाली तर सोने. मात्र दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे तिकडे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. नुसती ढगाळ हवा मिळेलच असे नाही, तेव्हा शक्य असेल तर रजा डिसेंबरच्या उत्तरार्धात ढकलावी.

जाण्यापूर्वी विदर्भातल्याच एखाद्या दुर्लक्षित हेमाडपंती देवळावर एक रविवार सराव करून पाहावा. काय विसरते ते तिथेच कळेल, आणि त्या देवळाचीही नोंद आपसूक होईल, जी आपल्याकडेही कोणी करून ठेवलेली नसते. आपल्या रामटेकला केवल नरसिंहाच्या मंदिरातला वाकाटककालीन लेख भिंतीवरचा लेप निघाल्यावर ऐंशीच्या दशकात उजेडात आला, हे या निमित्ताने आठवले. रंग आणि लेप यांच्याखाली काय आहे हे माहीत नसताना यंत्र चालवणे म्हणजे काय, हे समितीला सांगायला हा दाखला उपयोगी पडावा.

सावधान

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, परंतु एका गोष्टीची चर्चा झालेली दिसत नाही. मूर्तींचे काय?

तमिळनाडूतल्या लहान मंदिरांतून पंचधातूच्या उत्सवमूर्ती मोठ्या प्रमाणावर चोरीला गेल्या आहेत. अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंतानच्या मंदिरातला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने 2008 मध्ये सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला होता. तो 2014 मध्ये परत आला, आणि त्याची ओळख पटवताना पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी गावातच घेऊन ठेवलेली छायाचित्रे निर्णायक ठरली. आनंदमंगलमच्या विष्णुमंदिरातल्या राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या विजयनगरकालीन मूर्ती 1978 मध्ये गेल्या आणि 2020 मध्ये ब्रिटनहून परत मिळाल्या, त्याही 1958 च्या छायाचित्रांमुळे. ती चित्रे घेणाऱ्यांनी खटल्याचा विचारही केला नसेल. ते मूर्तिकलेचा अभ्यास करत होते.

तेव्हा नोंद घ्यावीच, आणि ती ओळख पटवण्याजोगी घ्यावी. समोरून एक देखणे चित्र पुरेसे नाही. मूर्ती अलंकार आणि वस्त्रांनी झाकलेली असते, म्हणून शक्य झाल्यास अभिषेकाच्या तयारीच्या वेळी, गुरुक्कळांची, म्हणजे पुजाऱ्यांची, परवानगी घेऊन, पाठीमागून आणि पीठाकडूनही चित्र घ्यावे. उंची, धातू, पीठावरची अक्षरे, तुटलेले बोट, डागडुजीचा सांधा हे सगळे लिहावे. कलावस्तूंच्या ओळखीसाठी 1997 पासून ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना प्रचलित आहे, त्यातले रकाने भरले तरी काम भागते. गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ नये आणि त्यासाठी आग्रहही धरू नये.

परंतु ही चित्रे महाजालावर टाकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गावात मंदिराला रात्रीचा राखणदार नाही, तिथल्या मूर्तींची यादी, मापे आणि नकाशावरचा बिंदू जाहीर करणे म्हणजे चोराला घरचा पत्ता देणे. लेख, भिंती, मंडप खुशाल प्रसिद्ध करावेत, मूर्तींची नोंद बंद पाकिटात राहावी. कित्येक गावांच्या मूर्ती सुरक्षिततेसाठी तिरुवारूरसारख्या ठिकाणच्या मूर्तिसंग्रह केंद्रांत हलवलेल्या असतात. आपल्या गावची तशी असेल तर ती तिथे आहे एवढे तरी नोंदवावे, कारण पुढच्या पिढीत तेवढेही कोणाला ठाऊक नसते.

शिलालेखप्रेमी

सावधान यांचा मुद्दा रास्त आहे, तरी बंद पाकिटाची मला धास्ती वाटते. पाकीट ज्याच्या कपाटात असते तो माणूस जातो, कपाट विकले जाते. आनंदमंगलमची चित्रे बासष्ट वर्षांनी उपयोगी पडली ती एका संस्थेच्या संग्रहात, क्रमांक लावून ठेवलेली होती म्हणून. जाहीर करू नये हे मान्य, पण किमान एका संस्थेच्या ताब्यात रीतसर द्यावीत आणि पोचपावती घ्यावी.

चोळदेशीचा मराठी

आमचे घराणे तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. शिक्षणानिमित्त नागपुरात आलो, म्हणून दोन्हीकडचे थोडे सांगू शकतो.

पहिली गोष्ट परवानगीची. मंदिर धर्मादाय खात्याच्या अखत्यारीत आहे की गावाचे वा एखाद्या घराण्याचे खासगी आहे, हे मामांना विचारा. तमिळनाडूत त्या खात्याकडे चाळीस हजारांहून अधिक संस्था आहेत आणि लहान मंदिरांच्या एका गटाला मिळून एकच कार्यकारी अधिकारी असतो. त्याला आधी लेखी अर्ज द्यावा. तिऱ्हाइताने दगड मोजत फिरणे गावात संशयाचे ठरते. मामा सोबत असतील तर निम्मे काम झाले.

दुसरी गोष्ट समितीशी बोलण्याची. ‘तुम्ही वारसा नष्ट करत आहात’ या सुरात बोललात तर दार बंद होईल. त्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी जमवलेली असते आणि देवाचे घर लख्ख दिसावे ही त्यांची इच्छा भक्तीचीच असते. त्यांना सेंबियन महादेवीची गोष्ट सांगावी. दहाव्या शतकातल्या या चोळ राणीने, गंडरादित्याच्या पत्नीने, विटांची कितीतरी मंदिरे दगडात नव्याने बांधली. तिरुक्कोडिकावलला तसे करताना जुन्या दगडांवरचे लेख तिने नव्या भिंतींवर पुन्हा कोरून घेतले. म्हणजे जीर्णोद्धाराआधी नोंद हा त्याच मातीतला रिवाज आहे, शहरातून आलेले खूळ नव्हे. यंत्राने वाळूचा मारा केला की दगडाचा वरचा थर आणि त्यासोबत उथळ अक्षरे जातात, हेही शांतपणे सांगावे. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये मंदिरे आणि वारसास्थळांच्या जतनाविषयी 75 निर्देश दिले आहेत, पण न्यायालयाचे नाव पहिल्या भेटीत काढू नका. फरशीपेक्षा गळणाऱ्या छतावर खर्च करा, असे सुचवून पाहा, आणि आपली वर्गणी त्याच कामासाठी द्या. पैसे देणाऱ्याचे थोडे तरी ऐकतात.

तिसरी गोष्ट, मंदिराच्या भिंतीबाहेर पाहा. तलावाच्या काठी, शेताच्या बांधावर, वडाखाली सुट्या मूर्ती पडलेल्या असतात. त्यांत ज्येष्ठादेवी हमखास आढळते. एके काळी शिवमंदिराच्या परिवारात तिला मान होता, पुढे तिची पूजा मागे पडली आणि मोठे पोट, दोन्ही बाजूंना दोन आकृती असलेली ही बसकी मूर्ती बाहेर गेली. असे दगड कोणत्याच यादीत नसतात आणि रस्ता रुंद करताना पहिले तेच जातात. आपल्याकडच्या वीरगळांसारखे वीरदगडही तमिळ मुलखात पुष्कळ आहेत, विशेषतः तिरुवण्णामलैकडच्या चेंगम भागात. कावेरीखोऱ्यात ते क्वचित, पण दिसल्यास सोडू नका.

आणि एक आपल्या लिपीचे काम. तंजावर भागात भोसले राजांच्या काळचे मराठी लेख आहेत. मोठ्या मंदिराच्या प्राकारात 1803 साली दुसऱ्या सरफोजींनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ इतिहास प्रसिद्ध आहे, त्यांनीच समुद्रकाठी बांधलेल्या मनोऱ्यावर पाच भाषांतल्या लेखांत मराठीही आहे. पण रामेश्वरच्या वाटेवरची छत्रे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, आज मोडकळीला आल्या आहेत. दारावरचा एखादा देवनागरी वा मोडी लेख तिथे दिसला तर तो वाचणारे गावात कोणी नसते. तुम्ही नागपूरचे, हे काम तुम्हाला आमच्या तमिळ मित्रांपेक्षा सोपे जाईल.

धंतोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. मामांशी बोललो. मंदिर धर्मादाय खात्याकडे आहे, अर्जाचा मसुदा बहिणीने तमिळ येणाऱ्या मैत्रिणीकडून तयार करून घेतला आहे. फरशीचे काम सर्वांत शेवटी घ्यायला समिती तयार दिसते, सफाईच्या यंत्राबद्दल मात्र अजून काही ठरलेले नाही. रजा डिसेंबरमध्ये हलवली. नोंदीची एक छापील प्रत मंदिराच्या कार्यालयात, एक तंजावरच्या तमिळ विद्यापीठाला, एक पुदुच्चेरीच्या संस्थेला विचारून आणि मूळ फाइली दोन वेगवेगळ्या घरी, असे योजले आहे. भिंती आणि लेखांची चित्रे मुक्त परवान्याने प्रसिद्ध करू, मूर्तींची नाही.

आणखी एक विचारायचे होते. आईकडे तिच्या मावश्यांच्या लग्नातली काही कृष्णधवल छायाचित्रे आहेत, त्यांत वऱ्हाडी मंडळी या मंदिराच्या मंडपात उभी आहेत. ती या नोंदीत घ्यावीत का? ती अगदीच घरगुती आहेत.

मोजपट्टी

अवश्य घ्यावीत, आणि सर्वांत आधी. फोटो अल्बममधून खरवडून काढू नका, जागच्या जागी स्कॅन करा आणि मागची बाजू मोकळी असेल तर तीही. वऱ्हाडामागचा खांब तेव्हा रंगवलेला होता का, पायथ्याचा किती भाग जमिनीच्या वर होता, हे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. गावात पोहोचल्यावर त्याच जागी उभे राहून त्याच कोनातून आजचे चित्र घ्या. शिवाय मामांना सांगून गावातल्या इतर घरांतले लग्नाचे, मुंजीचे अल्बम बाहेर काढायला लावा. लग्नांच्या तारखा घराघरांत पाठ असतात, त्यामुळे प्रत्येक चित्राचे साल तिथल्या तिथेच लावून घेता येईल. चित्रातल्या माणसांची नावे वेगळ्या वहीत लिहा, आणि ती प्रसिद्ध करण्याआधी त्या-त्या घराला विचारा.